१९६९ ची जीटीओ घाटात नॉक करतेय, काय करू?

चढावरचा गडी
मंडळी, मुक्काम सॅन होजे. गेल्या वर्षी हौस भागवली, १९६९ ची पॉन्टिॲक जीटीओ घेतली. ४०० घनइंची मूळ इंजिन, क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक. सपाटीला लोण्यासारखी चालते. पण लॉस गॅटोस सोडून हायवे १७ चा चढ लागला आणि ॲक्सिलरेटर अर्धा दाबला, की पत्र्याच्या डब्यात ज्वारी हलवावी तसा आवाज, म्हणजेच नॉकिंग: सिलिंडरमधलं पेट्रोल ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप भडकतं. पाय काढला की गप्प. पंपावर ९१ ऑक्टेनच्या वर पेट्रोल मिळत नाही (ऑक्टेन जास्त, तर नॉकिंग कमी). ऑक्टेन बूस्टरच्या दोन बाटल्या ओतल्या, ढिम्म फरक नाही. टायमिंग लाइट ९ अंश दाखवतो (पिस्टन वर पोचण्याआधी इतके अंश ठिणगी पडते), पुस्तकातही तेवढंच आहे. एक जण म्हणतो, हेड उतरवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) कमी कर. करू का?

पद्मिनीवाला
९१ म्हणजे आपल्याकडे वर्षानुवर्षं साध्या पेट्रोलचा आकडा! एवढ्या इंजिनाला ते कसं पुरेल?

तेलकट हात
काका, घोटाळा तिथेच होतो. आपलं ९१ हे रिसर्च ऑक्टेन. अमेरिकेत पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन आकड्यांची सरासरी लिहितात. त्यांचं ९१ आपल्या मापाने ९५-९६ च्या घरात जातं. तरी या इंजिनाला कमीच, कारण कॉम्प्रेशन १०.७५ ला १, आणि तेव्हाचं प्रीमियम शिसं घातलेलं, शंभराच्या आसपासचं.

गडीभाऊ, हेडला हात लावू नका. बाटल्याही सोडा. बाटलीवरचं 'सात पॉइंट वाढतात' म्हणजे ऑक्टेनचे सात दशांश, ९१ चं ९१.७.

आधी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या डबीची) नळी काढा, कार्ब्युरेटरकडचं तोंड बुचाने बंद करा आणि त्याच चढाला जा. अर्ध्या थ्रॉटललाही व्हॅक्यूम उरतो, त्यावर ती डबी टायमिंग आणखी पुढे ओढते. आवाज थांबला तर ॲडजस्ट होणारी डबी घालून दहा अंशांवर आणा. नुसता कमी झाला तर डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उघडून वेगासोबत टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा बघा. (आपले मेस्त्री कुठल्याही डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, या गाडीत तो खरोखरच डेल्कोचा आहे!) हलक्या स्प्रिंगा असतील तर ॲडव्हान्स फार लवकर येतो. नळी बंद ठेवून, रेस केल्यावर एकूण ३४ च्या वर नको.

आणि मुख्य म्हणजे, तो ९ चा आकडा खरा कशावरून? डॅम्परची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या, टायमिंगची खूण असलेल्या चाकाची) बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. इतक्या वर्षांत रबर सुटतं, कडी सरकते, तिच्यावरची खूणही सरकते. पिस्टन स्टॉप (प्लगच्या भोकात बसवून पिस्टन अडवणारा खिळा) लावून बघा.

मिशिगनकर
+१. प्लगही काढून बघा. एसी कंपनीचा ४५ असेल तर ४४ घाला, एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा). एनजीके कंपनीत उलटं, तिथे मोठा आकडा थंड. प्लग काळा-ओला असेल तर व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल ओढलं जातंय का बघा, तेलाने नॉकिंग वाढतं. आम्हाला इथे ९३ मिळतं, तुमची दया येते.

चढावरचा गडी
नऊ दिवसांनी परत आलो. नळी काढल्यावर आवाज निम्मा झाला. मग शनिवारी बॅटरी सोडली, एक नंबरचा प्लग काढून तिथे स्टॉप फिरवून बसवला, आणि पान्याने क्रँक हळूहळू फिरवला. पिस्टन टेकला तिथे डॅम्परवर खडूची रेघ, उलटा फिरवून टेकला तिथे दुसरी. दोन्हींच्या मधोमध खरा टॉप डेड सेंटर (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा). कंपनीची खूण त्यापासून तब्बल ६ अंश बाजूला! म्हणजे ९ दिसत होते तेव्हा इंजिन १५ वर चालत होतं, आणि मी ३४ समजत होतो ते ४०.

नवा डॅम्पर बसवला, टायमिंग पुन्हा ९ वर, डबी १० वर. काल भर दुपारी समिट रोडपर्यंत चढलो. शेवटच्या वळणाला एकदाच किंचित खुळखुळली. डेल्को उघडला तर स्प्रिंगा मूळच्या नाहीत, अगदी तारेसारख्या बारीक. कुणाकडे जुन्या जीटीओचा मूळ जोड पडून आहे का? पोस्टाचा खर्च माझा.