क्लचच्या कामानंतर गिअरबॉक्समधून तेलगळती : गाडी पुन्हा खोलण्याआधी पुरावा कसा जपावा?

नमस्कार.

मी सोलापुरात राहणारा, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माध्यमिक शिक्षक आहे. माझ्याकडे २०१३ सालची, ७८,००० किलोमीटर चाललेली पेट्रोलवरची छोटी गाडी आहे. शहरातील एका गॅरेजात तिच्या क्लचचे काम करून घेतल्यापासून ती नीट चालत नाही. दुसरीकडे काम करून घ्यावे तर पहिल्या कामाचा पुरावा नाहीसा होतो, आणि पुरावा जपत बसावे तर गाडी अंगणातून हलत नाही, अशा पेचात मी सापडलो आहे. गॅरेजचे नाव मी देणार नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नसून या पेचातून मार्ग काढायचा आहे.

मूळ दुखणे साधे होते. तुळजापूरचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढे, पण गाडी वेग घेत नसे. क्लच प्लेट झिजली आहे, हे निदान तेव्हा मला पटले आणि ते आजही चुकीचे वाटत नाही. दोन दिवसांत देतो म्हणून ठेवून घेतलेली गाडी नवव्या दिवशी मिळाली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून ७,८०० रुपये, फ्लायव्हील (इंजिनाची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट टेकते) लेथवर घासून सपाट करण्याचे १,४०० रुपये, गिअर ऑइलचे ९०० रुपये आणि मजुरी ४,५०० रुपये, असे एकूण १४,६०० रुपये मी मोजले. त्यांपैकी ५,००० रुपये आगाऊ रोख दिले होते आणि उरलेले ९,६०० रुपये मोबाइलवरून पाठवले. पावती म्हणजे वहीचे फाडलेले पान असून त्यावर आकडे व तारीख आहे, पण ना शिक्का आहे ना सही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. गॅरेजचा मालक माझा जुना विद्यार्थी आहे. तो आजही भेटला की वाकून नमस्कार करतो, ‘सर, तुमची गाडी म्हणजे घरचीच गाडी’ असे म्हणतो, आणि त्यामुळेच मी पक्की पावती मागितली नाही, की काढलेले जुने भाग परत मागितले नाहीत. परक्या माणसाकडे मी हे दोन्ही नक्कीच मागितले असते.

गाडी घरी आणली त्या दिवसापासून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला की ती थरथरते. दुसऱ्या दिवशी रिव्हर्सचा दिवा लागत नसल्याचे लक्षात आले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातील शहाबादी फरशीवर, डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढा तेलाचा डाग दिसला. याशिवाय सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित तिरके धरावे लागते. सवयीप्रमाणे मी वहीत तारीखवार नोंदी ठेवल्या, रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला आणि सकाळी त्याचे छायाचित्र काढले. असे अकरा पुठ्ठे माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. सौभाग्यवतींच्या मते घरात रद्दी वाढली आहे.

गाडी परत नेली तेव्हा गॅरेजमधील मुलाने तेल पुसून बाहेरून काळी पेस्ट लावली. चार दिवस गळती थांबली आणि पाचव्या दिवशी ती पुन्हा सुरू झाली. त्याच सुमारास गाडी सकाळी सुरू होण्यास कुरकुर करू लागली. ‘सर, बॅटरी गेली, नवीन टाकू’ असे मला फोनवर सांगण्यात आले. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीची असल्यामुळे मी तसा निर्णय न घेता गल्लीतील एका जुन्या वायरमनला बोलावले. त्याने बॅटरी तपासली, ती ठणठणीत निघाली. मग त्याने जंप केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या धातूला लावले, तर गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. खाली वाकून पाहिल्यावर कारणही दिसले. गिअरबॉक्सला जोडायची अर्थिंगची वायर काम झाल्यावर पुन्हा बसवलेलीच नव्हती, आणि तिच्याशेजारी रिव्हर्स स्विचचा कप्लर (वायरचा जोड) मोकळा लोंबत होता. मी त्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून घेतले आणि मगच वायरमनला दोन्ही जोडू दिले. दिवा लागला, गाडीही झटक्यात सुरू होऊ लागली, आणि नव्या बॅटरीचा खर्च टळला.

यानंतर मी दुसऱ्या, वयाने ज्येष्ठ असलेल्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी गाडी पिटवर (खालून काम करता यावे म्हणून केलेल्या खड्ड्यावर) घेऊन जे सांगितले ते माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो; काही चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचा क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्यासाठी आधी चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून दोन्ही एक्सल, म्हणजे चाके फिरवणारे दांडे, गिअरबॉक्समधून बाहेर ओढावे लागतात. हे एक्सल जेथे आत शिरतात तेथे रबरी ओठ असलेले ऑइल सील असते. एक्सल काढताना किंवा घालताना त्याच्या दात्यांनी हा ओठ चिरला गेला की तेल झिरपणारच, म्हणून शहाणा कारागीर शे-दोनशे रुपयांचे सील अशा वेळी बदलूनच टाकतो. माझ्या पावतीवर सीलची नोंदच नाही. बाहेरून लावलेली पेस्ट निरुपयोगी का ठरली, तेही यावरून कळते. गळती फिरणाऱ्या दांड्याच्या कडेने आहे आणि तेथे पेस्ट टिकू शकत नाही. गिअर ऑइलची पातळी त्यांना बरीच खाली आढळली आणि त्यांनी सुमारे ४०० मिलिलिटर तेल भरले. तेल कमी असताना गाडी चालवत राहिल्यास आतील बेअरिंग व दाते खराब होतील, असेही त्यांनी बजावले. त्यामुळेच गाडी सध्या उभी आहे.

थरथरण्याविषयी मात्र ते ठामपणे काही सांगत नाहीत. गिअरबॉक्सच्या बाजूच्या फाउंडेशनचा (त्याला गाडीच्या सांगाड्यावर धरणाऱ्या आधाराचा) एक बोल्ट सैल होता, तो छायाचित्र काढून आवळला, तरी थरथर कायम आहे. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग जुन्या उष्णतेने चट्टे पडून उंचसखल झाला असेल आणि तो लेथवर न घासताच नवीन प्लेट बसवली असेल, तर नेमके असेच होते, असे त्यांचे म्हणणे आहे. ते त्यांनी मला कागदावर लिहून देण्यास नकार दिला, कारण एकाच धंद्यातील माणसाविरुद्ध लिहून देणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. त्यांची अडचण मी समजू शकतो. पण मी १,४०० रुपये ज्या कामाचे दिले ते झाले की नाही, हे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसणार नाही, आणि एकदा तो तिसऱ्याने उतरवला की ‘बिघाड त्यानेच केला’ असे म्हणायला पहिला मोकळा आहे.

कायद्याचा मी थोडा अभ्यास केला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष दुरुस्ती ही सेवेतील त्रुटी ठरू शकते, जिल्हा आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते, ग्राहक जेथे राहतो तेथेही ती दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही मी लिहून ठेवला आहे. चाचणीसाठी गाडी फिरवून पाहण्याआधीच पैसे का दिले, असे काही मित्रांनी विचारले. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ठरल्याप्रमाणे काम करणाऱ्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा अधिकार असतो. अर्थात मी तेव्हा कलम आठवून नव्हे, तर भिडेपोटी पैसे दिले, हेच खरे.

तेव्हा माझी विचारणा अशी आहे. गिअरबॉक्स उतरवताना दोन्ही पक्ष हजर असावेत यासाठी मालकाला लेखी कळवणे पुरेसे आहे का, की त्यासाठी वकिलाचीच नोटीस हवी? तो आलाच नाही तर कोणासमोर उतरवलेला गिअरबॉक्स ग्राह्य धरला जाईल? वाहनविम्याचे सर्वेक्षक किंवा आयटीआयमधील मोटार मेकॅनिक शिकवणारे निदेशक खासगी व्यक्तीला पाहणीचा लेखी अहवाल देतात का, असा कोणाचा सोलापुरातील अनुभव आहे का? आणि सही-शिक्का नसलेल्या पानाला मोबाइलवरील पैशांची नोंद व व्हॉट्सॲपवरील संदेश यांची जोड पुरेशी होईल का?

आठ दिवसांनंतरची भर :

उत्तर देणाऱ्या सर्वांचे आभार. एका सदस्यांनी सुचवल्याप्रमाणे मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेरा गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणाच्या फटीतून आत घालून पाहिला. त्यात फ्लायव्हीलची कडच दिसते, घासणारी बाजू प्लेटखाली झाकलेली आहे. आत तेल मात्र दिसले नाही, म्हणजे प्लेटवर तेल उडून थरथर होत असावी ही शंका बहुधा निकाली निघाली.

वकिलाची नोटीस तूर्त न पाठवता मी स्वतःच दोन पानी पत्र लिहिले, नोंदींच्या वहीची प्रत जोडली आणि ते रजिस्टर टपालाने पाठवले. पत्र मिळाले त्याच संध्याकाळी मालक घरी आला. तो बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत बसला आणि मग म्हणाला, ‘सर, लेथवर गर्दी होती, पोरांनी पॉलिश पेपर मारून बसवलं. मला नंतर कळलं.’ नंतर म्हणजे केव्हा, हे मी विचारले नाही. हे बोलणे सौभाग्यवतींसमोर झाले असले, तरी लेखी काहीच नाही.

आता तो ज्येष्ठ मिस्त्रींच्या पिटवर, माझ्या उपस्थितीत, गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यास तयार आहे. फ्लायव्हील लेथवर घासणे, दोन्ही बाजूंची नवीन सील, नवे गिअर ऑइल आणि चाकांचे अलाइनमेंट हा सर्व खर्च तो करणार आहे, आणि मिस्त्रींनीही जागा देण्यास होकार दिला आहे. त्याची अट एकच आहे. काम सुरू करण्याआधीच ‘माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही’ असे मी लिहून द्यावे. काम होण्याआधी असे लिहून देणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी कामांची यादी, ते पूर्ण करण्याची तारीख आणि त्यानंतर १,००० किलोमीटर किंवा तीन महिने गळती व थरथर न झाल्यास तक्रार मिटली असे समजावे, असा मजकूर दोघांच्या सह्यांनी करावा, असा माझा विचार आहे. या मजकुरात काय सुटते आहे, आणि तो साध्या कागदावर चालेल की मुद्रांकावर हवा, एवढे जाणकारांनी रविवारपर्यंत सांगितल्यास बरे होईल, कारण पिट सोमवारी मोकळा आहे.