आईच्या फोनमधली न निघणारी अ‍ॅप्स एडीबीने काढायची आहेत

रानजाई:
आई गावी एकटी असते. व्हिडिओ कॉल, बँकेचे मेसेज आणि भजनं, एवढ्यासाठीच तिला फोन लागतो. पण नव्या फोनात कंपनीनेच खेळ, बातम्या आणि एक झटपट कर्जाचं अ‍ॅप भरून दिलंय. त्यांना ‘अनइन्स्टॉल’चं बटणच नाही. त्यात मध्येच पडदाभर जाहिरात येते, आई गडबडून कुठेतरी दाबते. मला त्या कर्जाच्या अ‍ॅपचीच जास्त धास्ती वाटते. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स (लपलेल्या सेटिंग्ज) उघडल्या, त्यात यूएसबी डीबगिंग चालू केलंय, लॅपटॉपवर एडीबीही (लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायचं साधन) आहे. पण ‘एडीबी डिव्हायसेस’ टाकलं की यादी रिकामी. फोन रूट करायचा नाही, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायचा नाही.

काळी_खिडकी:
ताई, आधी केबल बदला. बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. केबल चांगली असूनही यादी रिकामी राहिली तर विंडोजमध्ये फोनचा यूएसबी ड्रायव्हर टाकावा लागेल. नावापुढे ‘अनऑथराइज्ड’ दिसलं तर फोनचं लॉक उघडा, परवानगीची खिडकी आलेली असेल.

आता मुद्द्याचं. जाहिरात नेमकं कोण दाखवतंय ते न बघता अ‍ॅप्स उडवू नका. केबल लावून ठेवा आणि जाहिरात पडद्यावर असतानाच ‘एडीबी शेल डम्पसिस विंडो’ चालवा. भलंमोठं काहीतरी येईल, त्यात ‘एमकरंटफोकस’ची ओळ शोधा. पडदा ज्याच्या ताब्यात आहे त्याचं पॅकेज नाव (अ‍ॅपचं फोनच्या आतलं नाव) तिथे असतं. हा गुन्हेगार बहुतेक वेळा टॉर्च नाहीतर वॉलपेपरचं कुणीतरी नंतर टाकलेलं अ‍ॅप निघतो. ते सरळ नेहमीसारखं काढा.

कंपनीच्या अ‍ॅप्ससाठी शेलमध्ये (‘एडीबी शेल’ टाकून उघडणारी फोनची कमांड-खिडकी) ‘पीएम लिस्ट पॅकेजेस -एस’ने यादी काढून फाइलमध्ये जपून ठेवा. मग एकेक ‘पीएम डिसेबल-युजर --युजर ०’ आणि पुढे पॅकेज नाव टाकून बंद करा आणि आईला दोन-चार दिवस फोन वापरू द्या. काही अडलं नाही, तरच ‘पीएम अनइन्स्टॉल -के --युजर ०’. ह्यात अ‍ॅप फक्त आईच्या खात्यातून जातं, मूळ फाइल सिस्टिममध्येच राहते. म्हणून जागा फारशी मोकळी होत नाही, आणि फॅक्टरी रीसेट केलं की सगळं परत येतं. पण त्याच कारणाने चुकून काढलेलं ‘सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ने परतही आणता येतं.

नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका. ‘सिस्टिमयूआय’ किंवा ‘प्रोव्हायडर’ असलं काही नावात दिसलं तर अजिबातच नाही. आणि कीबोर्ड काढायचा असेल तर दुसरा टाकून, निवडून, त्यात मराठी टाइप करून बघितल्यावरच.

सांजवारा:
अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर केबलही नको. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायरलेस डीबगिंग आहे. फोन-लॅपटॉप एकाच वायफायवर ठेवा, ‘एडीबी पेअर’ला फोनवर दिसणारा पत्ता, पोर्ट आणि सहा आकडी कोड द्या, मग ‘एडीबी कनेक्ट’. कनेक्टचा पोर्ट वेगळा असतो, तो मागच्या पानावर दिसतो. इथेच बरेच जण अडकतात.

रानजाई:
केबलच होती! दादा, खूप आभार. जाहिरात एका वॉलपेपरच्या अ‍ॅपची निघाली, ते काढलं. कर्जाचं अ‍ॅप आणि खेळ बंद केलेत. पण आता आईचं बँकेचं अ‍ॅप उघडेना, डेव्हलपर ऑप्शन्सबद्दल काहीतरी इशारा देतंय.

काळी_खिडकी:
बँकांची काही अ‍ॅप्स तेवढ्यावरही अडतात. ‘रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथरायझेशन्स’ दाबा आणि मग डेव्हलपर ऑप्शन्सच बंद करा. तुम्ही बंद केलेली अ‍ॅप्स बंदच राहतात. सिस्टिम अपडेट आलं की मात्र यादी पुन्हा बघा, नवीन काही घुसलेलं असतं. आणि काय काय बंद केलंय ते आईंना सांगून ठेवा, नाहीतर ‘बातम्या कुठे गेल्या’ म्हणून त्या शोधत बसतील.