पहिला बोर्ड कोणता: ऊनो की पिको?

धागाकर्ता: आठवीतल्या भाचीला पहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड (दिवे, सेन्सर जोडून प्रोग्रॅमने चालवायचा छोटा संगणक) घ्यायचाय, आर्डुइनो ऊनो किंवा रास्पबेरी पाय पिको. माझं मत ठाम आहे, आर्डुइनो ऊनो. जुना आहे, १६ मेगाहर्ट्झ, रॅम फक्त २ केबी, सगळं मान्य. पण तो ५ व्होल्टचा आहे. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सरही ५ व्होल्टचाच, थेट जोडा आणि वाचा. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. तिथे सेन्सरची इको पिन (उत्तराचा सिग्नल देणारी) सरळ लावली तर बोर्ड जाऊ शकतो, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज उतरवावं लागतं. पोरीला पहिल्याच आठवड्यात हे कशाला? शिवाय सॉकेटवाल्या ऊनोची चिप जळली तर उपसून बूटलोडर (केबलवरून कोड घेणारा छोटा प्रोग्रॅम) टाकलेली दुसरी बसवता येते.

प्रतिसाद १: साफ असहमत. मुलं सोडून देतात ती बोर्ड जळला म्हणून नाही, काही घडतच नाही म्हणून. स्वस्त ऊनो क्लोनवर (नकलेवर) यूएसबी जोडणीसाठी बऱ्याचदा सीएच३४० चिप असते. संगणकात तिचा ड्रायव्हर नसला की पोर्टच दिसत नाही, रविवार त्यातच जातो. पिकोचं बूटसेल बटण दाबून केबल लावा, पेनड्राइव्हसारखा उघडतो. त्यात मायक्रोपायथॉनची (अशा बोर्डांसाठीच्या छोट्या पायथॉन भाषेची) फाइल टाकली की काम झालं. थॉनी या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ लिहून एंटर मारलं की दिवा लागतो. चुकलं तर तिथेच बदला, दर वेळी कंपाइल-अपलोड (कोड यंत्रभाषेत बदलून बोर्डावर चढवणं) नाही. आणि पायथॉन पुढे कॉलेजातही कामाला येतं.

प्रतिसाद २: दोन्ही नको, वायफायवाला ईएसपी३२ बोर्ड घ्या. टाकीतलं पाणी मोबाईलवर दिसलं की घरचेही कौतुक करतात. वायफायशिवाय आज काय मजा?

धागाकर्ता: @२, वायफाय चालू असताना ईएसपी३२ च्या एडीसी२ गटाच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनांवर अ‍ॅनलॉग रीडिंग मिळत नाही. नवशिकी पोरगी सेन्सरलाच दोष देत बसेल. टाकी करूच, पण नंतर.
@१, ड्रायव्हर एकदाच टाकायचा असतो आणि तो मीच टाकून देईन. नुसती चार्जिंगची केबल असेल तर पिकोही दिसणार नाही. २ केबीत आकड्यांची मोठी यादी, म्हणजे मोठी अ‍ॅरे मावत नाही हे हाताने कळलं की मेमरी म्हणजे काय ते पक्कं होतं. पिकोत २६४ केबी आहे, तिथे ही अडचण लवकर येतच नाही.

प्रतिसाद १: आठवीत तिला मेमरी नको, दिवा हवाय. आणि सगळं तुम्हीच बसवून देणार असाल तर ते दोन रेझिस्टरही लावून द्या की.