कोरियन शिकताना आधी काय घोटायचं: '-सुम्निदा' की '-यो'?

रविवारची_मिसळ:
कोरियन क्रियापदाला सभ्यपणाचे दोन शेवट लागतात: औपचारिक '-सुम्निदा' आणि रोजच्या बोलण्यातलं '-यो'. आमच्या क्लासात सुरुवातीपासून नुसतं '-सुम्निदा' घोटून घेतात. माझं म्हणणं, '-यो' आधी शिकवा. सोलमध्ये दुकानात, टॅक्सीत, शेजाऱ्यांशी, अगदी ऑफिसातसुद्धा दिवसभर तेच चालतं. शिवाय सोपं. 'गायो' एवढंच म्हणा. 'जातो', 'जाताय का?', 'चला', 'जा ना' सगळं सुरावर निघतं. '-सुम्निदा'त त्याच चार कामांना चार वेगळे शेवट. ते बातम्या देणाऱ्यांना लखलाभ!

चाकणकर:
लखलाभ काय? मी कोरियन साहेबांच्या हाताखाली काम करतो. त्यांनी काम सांगितलं की 'आल्गेस्सुम्निदा', म्हणजे 'समजलं'. 'आल्गेस्सॉयो' व्याकरणात बसतं, पण साहेबाच्या कानाला 'हो हो, कळलं' असं लागतं. मुलाखत, प्रेझेंटेशन, पहिली ओळख, सगळीकडे तेच. नवख्यानं जरा जास्त अदब दाखवली तर कोण रागावतं? उलट झालं की निस्तरत बसा.

रविवारची_मिसळ:
मग साहेबांना 'गाप्शिदा' म्हणून बघाच! पुस्तकात ते '-सुम्निदा'च्याच पंगतीत, अर्थ 'चला'. पण वरिष्ठाला म्हटलं की उद्धटपणा. तिथं 'गाशिजो' लागतं आणि ते '-यो'च्या घरातलं. आणि कोरियन सैन्यात वाक्य 'दा' किंवा 'क्का'वरच, म्हणजे '-सुम्निदा'च्या थाटातच, संपवायची सक्ती होती, तीही २०१६ मध्ये सैल केली.

चाकणकर:
सैल केली ती ड्यूटीनंतरच्या गप्पांपुरती. कवायतीत 'दा' आणि 'क्का'च. अर्धी बातमी सांगू नका.

शेंगदाण्याची_चटणी:
दोघं शेवटावर भांडताय, अडतं त्याच्या आधीच. 'बाप मोगोस्सॉयो?', म्हणजे जेवलात का? शेवट सभ्य, पण साहेबांना असं विचारलं तर खटकतंच. 'शिक्सा हाश्योस्सॉयो?' हवं: जेवणाला साधा शब्द 'बाप', त्याच्या जागी अदबीचा 'शिक्सा' आणि क्रियापदात आदराचा 'शी'. शेवट ऐकणाऱ्याचा मान राखतो, 'शी' ज्याच्याविषयी बोलतोय त्याचा. क्लासवाले हे उशिरा सांगतात, तोवर पोरं '-यो' लावलं की झालं समजून बसतात. बाकी कोरियन माणूस एकाच बैठकीत दोन्ही वापरतो. सुरुवात '-सुम्निदा'नं, चर्चा रंगली की '-यो', निर्णय सांगताना परत '-सुम्निदा'.

चाकणकर:
'शी' मान्य, ताई. तरी नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी 'आल्गेस्सुम्निदा'च शिकवणार.

रविवारची_मिसळ:
शिकवा. संध्याकाळी साहेब जेवायला घेऊन गेला की ती पोरं बोलणार काय?

चाकणकर:
बोलतात कुठं, खातात. बोलायला साहेब असतोच.