गणिताच्या तासाला घरचा हिशेब : तुमचे अनुभव लिहा

यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आठवीला गणित शिकवते. धागा काढायचं निमित्त आमच्याच वर्गात घडलं, म्हणून आधी तेच सांगते.

स्पर्धा परीक्षेच्या जुन्या पुस्तकातून काळ-काम-वेगाचं एक गणित फळ्यावर लिहिलं होतं. ३ पुरुष किंवा ५ स्त्रिया एक काम १२ दिवसांत करतात, तर अमुक पुरुष आणि तमुक स्त्रिया तेच काम किती दिवसांत करतील? अशी गणितं मी स्वतः शेकड्यांनी सोडवली आहेत आणि त्यातलं काहीही मला कधी खटकलं नव्हतं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण मॅडम, कापूस येचाले त माही आई बाबापेक्षा जास्त येचते."

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. "उद्या वजनं लिहून आण," म्हटलं. आठवडाभर सात-आठ मुलांनी आपापल्या घरची वेचणी मांडली. त्या मुलीच्या घरी आईची रोजची सरासरी ४२ किलो, बाबांची २८. वेचणी किलोवर असते, १० रुपये दराने आईचे ४२० आणि बाबांचे २८०. पुस्तकाच्या हिशेबाने बाईचं काम पुरुषाच्या तीन-पंचमांश, वजनकाट्यावर दीडपट.

मग निंदणाचा रोज विचारला. बाईला २००, गड्याला ४००. वजन करता येतं तिथे आई पुढे आणि दिवसावर मजुरी ठरते तिथे ती निम्म्यावर, हे मुलांनी स्वतःच मांडलं. मी गुणोत्तर लिहायला शिकवलं, बाकी काही सांगितलं नाही. (त्यातल्या एकाच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारलं, "मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?" समप्रमाण आहे, असं मी सांगितलं. खोटं नव्हतं.)

असं काही तुमच्याकडे घडलं असेल तर लिहा. शिक्षकच असायला हवं असं नाही, आईबाबांनीही लिहा. फसलेले प्रयोगही चालतील.

*

सांगली जिल्हा, नववीचा वर्ग

आमच्याकडे व्याजाचं प्रकरण फार रंगलं. एका मुलाचे वडील घरी म्हणायचे, बचत गटातल्या बायका वेड्या आहेत, महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्के घेतात आणि फायनान्स कंपनी बारा टक्क्यांनी दारात येऊन पैसे देते. मुलगा हा वाद वर्गात घेऊन आला.

कर्ज दहा हजार, मुदत बारा महिने धरली. कंपनीचा दर फ्लॅट, म्हणजे पूर्ण दहा हजारांवर वर्षभराचं व्याज १,२०० आणि हप्ता ९३३ रुपये. गटात महिन्याला ८३३ रुपये मुद्दल फिटत जातं आणि राहिलेल्या शिलकीवरच दोन टक्के लागतात. मुलांनी बारा ओळींचा तक्ता केला. पहिल्या महिन्याचं व्याज २००, शेवटच्या महिन्याचं १७, एकूण १,३००. चोवीस आणि बारा यांत फरक फक्त शंभर रुपयांचा! त्यात कंपनीने फाइलचे म्हणून २०० रुपये आधीच कापून घेतले होते, ते धरले तर गटच स्वस्त. शिवाय गटाचे १,३०० गटातच राहतात, वर्षअखेर वाटले जातात.

कंपनीचा बाराचा दर उतरत्या शिलकीवर आणला की तो साडेएकवीसच्या घरात जातो. हे मी मोबाइलवर काढून दाखवलं, नववीला ते सूत्र नाही. सावकाराचे 'शेकडा तीन' मात्र मुलांनीच केले. महिना ३००, वर्षाचे ३,६०० आणि मुद्दल तसंच उभं. चौतिसाव्या महिन्यात व्याज मुद्दलाच्या पुढे जातं. एका मुलाच्या आजोबांनी त्यावर 'दामदुप्पट' हा शब्द दिला. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, असा जुना हिंदू कायद्यातला नियम मुंबई इलाख्यात चालत असे. मला तो शब्द बोलण्यातला म्हणून माहीत होता, नियम म्हणून त्या दिवशी कळला.

*

ठाणे, पालक

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मुलांना तीन अंकी भागाकार येत नाही आणि आपण त्यांना विषमता शिकवणार? गणिताच्या तासाला गणित व्हावं. समाजशास्त्राला वेगळा तास आहे.

*

बीड जिल्हा

वरच्या दादांना माझ्याकडून उत्तर असं नाही, फक्त एक मुलगा सांगतो.

आमच्या गावातून दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात. तो पाचवीतला, दर वर्षी चार-पाच महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. चाचणीत भागाकाराला शून्य. परत आला तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती घेतली होती? एक लाख. टनाला काय मिळतं? २०२४ च्या सुरुवातीला दर चौतीस टक्क्यांनी वाढून ३६६ झाला होता, ते त्याला माझ्याआधी माहीत. आईबाबा मिळून दिवसाला किती टन? दोन.

"मग दिवसाचे ७३२," तो लगेच बोलला. एक लाखाला ७३२ ने भागायला मात्र त्याला अख्खा तास लागला. गुणाकार करून करून जवळ जात राहिला, शंभर दिवसांचे ७३,२००, अजून तीस दिवसांचे २१,९६०, असं करत १३७ दिवसांवर आला. मग गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, म्हणजे १३७ दिवस काहीच खायचं नाही?" आठवड्याचा बाजार उचलीतच चढतो, हे त्याला ठाऊक होतं. पावसाने तोड बंद पडलेले दिवस आणि आई आजारी होती ते नऊ दिवस त्याने स्वतःहून मिळवले. आई वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून आणायची ते पैसे उलट बाजूला धरले.

आता त्याला भागाकार येतो. उचल फिटलेली नाही.

*

पुणे, खासगी शाळा

माझा प्रयोग फसलेला आहे.

सांख्यिकीच्या धड्यासाठी मुलांना सांगितलं, घराचं क्षेत्रफळ मोजा, माणसांच्या संख्येने भागा, दरडोई चौरस फूट काढा. आमच्या वर्गात पंचवीस टक्के आरक्षणातून आलेली मुलंही आहेत. फळ्यावर एकेकाचा आकडा लिहीत होते आणि माझ्या डोक्यात फक्त वारंवारता सारणी होती. एका मुलाने सांगितलं, दोनशे चाळीस. दोन बाकांपलीकडून आवाज आला, "अरे, तुझं घर तर एका खोलीचं आहे." पुढे तो मुलगा तीन दिवस आला नाही.

मी त्याच्या घरी गेले. आईने चहा केला, विषय कोणीच काढला नाही. खोली दहा बाय बाराची असावी, माणसं पाच. भिंतींकडे बघताना मनातल्या मनात मी भागाकार केला आणि स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या वर्षी नावाशिवाय चिठ्ठ्या घेतल्या. सगळ्या सारख्या कागदाच्या, सारख्या पेन्सिलीने, कारण मुलं अक्षर ओळखतात. आकडे पलीकडच्या तुकडीत नेऊन दिले आणि त्यांचे आमच्या वर्गात आणले. मध्य, म्हणजे सरासरी, १८० चौरस फूट आला, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ११०. दोन बंगल्यांनी मध्य वर ओढला होता. 'सरासरी' हा शब्द कोणाच्या बाजूने बोलतो यावर चांगली चर्चा झाली. पण त्या मुलापर्यंत ती चर्चा एक वर्ष उशिरा पोचली.

*

कोल्हापूर, बाबा

लेकीला वृत्तालेखाचा (पाय चार्टचा) गृहपाठ होता, 'घरातल्या माणसांचा दिवस'. १,४४० मिनिटं आणि ३६० अंश, म्हणजे चार मिनिटांचा एक अंश, हे तिला सापडलं तेव्हा ती घरभर नाचली. नाचून झाल्यावर घड्याळ घेऊन आमच्या मागे लागली.

बाईंनी तुलनेला देशाचे आकडे दिले होते. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची २९९ मिनिटं, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. वर्तुळात बायकांचे ७५ अंश, पुरुषांचे २४. मी फुशारक्या मारत होतो की आपण चोविसाच्या पुढे जाऊ. माझे २० मिनिटं भरले, त्यात गॅस सिलिंडर आणायला गेलो ती ८. पाच अंश. "बाबा, एवढ्यात रंग पण मावत नाहीये," म्हणाली आणि लाल रेघ ओढून मोकळी झाली. तो कागद फ्रिजवर आहे. बायकोने काढू दिला नाही.

*

नाशिक जिल्हा, आदिवासी पाडा

थोडक्यात लिहिते. जलजीवन मिशनचा निकष ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर. सहा माणसांचं घर, ३३० लिटर. आमचा हंडा मुलांनी मोजला, १५ लिटर भरला. म्हणजे २२ हंडे, डोक्यावर दोन धरले तर ११ खेपा. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये येतात ९ हंडे. १३५ लिटर. शहरातल्या एका माणसासाठी दिवसाचा निकष नेमका १३५ लिटरच आहे, हे एका मुलीने पुस्तकात वाचून दाखवलं. मुलांना आधी वाटलं छपाईची चूक.

मुलांनी तक्ता ग्रामसभेत लावला. सरपंचांनी विचारलं, मोजणी कोणी केली? मुली म्हणाल्या, पाणी आम्हीच आणतो ना.

*

बॉस्टनजवळून

इथे बॉब मोझेस यांचं नाव घ्यावंसं वाटतं. साठच्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी मार खाल्लेला हा माणूस, १९८२ मध्ये इथल्याच केंब्रिजमध्ये ॲल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू करून बसला. बीजगणित न येणं म्हणजे नव्या काळात मताचा हक्क नसण्यासारखंच, असं ते मानत. ऋण संख्या शिकवायला मुलांना घेऊन ते रेड लाइनच्या ट्रेनमध्ये बसत. एक स्टेशन शून्य, इकडे अधिक, तिकडे उणे. मी रोज त्याच ट्रेनने जाते. माझ्या मुलाला दादर शून्य धरून शिकवलं, कारण त्याला सुट्टीतलं तेवढंच पाठ आहे. ठाणे अधिक, सीएसएमटी उणे. मग म्हणाला, "आणि बांद्रा?" लाइन बदलते, तिथे माझं गणित अडकलं.

*

पुन्हा यवतमाळ

पुण्याच्या ताई, तुमच्या चिठ्ठ्यांचा नमुना इथे टाकाल का? सोयाबीनच्या खर्चाचा तक्ता करायचा आहे आणि त्यात कर्जाचा रकाना येतो. आमच्या वर्गात एकमेकांची अक्षरं सगळ्यांना पाठ आहेत आणि दुसरी तुकडी नाही.

ठाण्याच्या दादा, घटक चाचणीत ते ३ पुरुष ५ स्त्रियांचं गणित मी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. सव्वीसपैकी एकोणीस जणांचं उत्तर बरोबर आलं. मागच्या बाकावरचीचंही. उत्तराखाली तिने कंसात लिहिलं होतं, "पुस्तकातल्या बायका धरून."

मी पूर्ण गुण दिले.