सल्ला हवा: गणपतीत सर्वांनी मिळून पाहण्याजोगा अलीकडचा हिंदी चित्रपट

पोफळी: वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी गणपतीला सगळे कुटुंब जमते. संध्याकाळची आरती झाल्यापासून भजनी मंडळी येईपर्यंत जे दोन-सव्वादोन तास मिळतात, त्यांत टीव्हीवर एक चित्रपट पाहायचे ठरले आहे. तो हिंदीच हवा, कारण थोरल्या वहिनी लखनौच्या आहेत. घरात फक्त नेटफ्लिक्स आहे. नवी वर्गणी भरायची नाही. प्रेक्षकांत आठ वर्षांच्या भाचीपासून ऐंशीच्या आत्यापर्यंत सगळे आहेत, आणि ही मंडळी दशावतार पाहत वाढलेली असल्यामुळे कथेआधी नटाचे काम पाहतात. नंतर ज्याच्या अभिनयावर वाद घालता येईल असा चित्रपट सुचवावा.

कातळ: किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ (2024) डोळे मिटून लावा. तो नेटफ्लिक्सवर आहे, दोन तासांहून थोडाच मोठा आहे आणि मुलांसमोर अवघड वाटेल असे त्यात काही नाही. रेल्वे फलाटावर चहाचा गाडा चालवणारी छाया कदम यांची मंजूमाई पाहा. ही बाई सहानुभूती मागत नाही, आणि म्हणूनच ती मिळवते. रवी किशन यांचा पान चघळणारा लाचखाऊ फौजदार शेवटी ज्या पद्धतीने वागतो, ते तर

सुरंगी: कृपया शेवट सांगू नका. काहींनी अजून पाहिलेला नाही.

सड्यावरचा: दोन वर्षांनंतरही ज्यांनी पाहिला नाही, त्यांची काळजी कोणी करावी? माझे मत ‘ट्वेल्थ फेल’ला. 2023 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि अभिनेत्याचा पुरस्कार विक्रांत मॅसी यांना शाहरुख खान यांच्याबरोबर वाटून घ्यावा लागला, हे मला आजही पटत नाही. पीठगिरणीत राबून अभ्यास करणाऱ्या मुलाचा थकवा त्यांनी खांद्यांतून दाखवला आहे. मी आमच्या वाडीतल्या दहावीच्या मुलांना मुद्दाम दाखवला. त्यासाठी हॉटस्टारची वर्गणी भरावी लागेल, पण एवढ्या चित्रपटासाठी ती भरावी.

पोफळी: वर्गणी भरायची नाही, असे वर लिहिले आहे.

दर्यावर्दी: कोकणातल्या घरात कोकणातलाच चित्रपट हवा, म्हणून आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (2024). अभय वर्मा यांनी घाबरट नायक छान उभा केला आहे आणि सुहास जोशी यांच्या आजी तर आपल्या घरातल्याच वाटतात. हाही हॉटस्टारवर मिळेल.

आगोट: आठ वर्षांच्या मुलीला ‘मुंज्या’ दाखवू नका. आमच्या पुतण्याने तो पाहिला आणि नंतर महिनाभर अंधार पडल्यावर परसात पाऊल टाकले नाही. शिवाय संगणकाने उभे केलेले भूतच पडद्यावर इतका वेळ असते की नटांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

दर्यावर्दी: आमच्या लहानपणी मुंज्याच्या गोष्टी पिंपळाखाली बसून ऐकवत असत. आम्हाला काहीही झाले नाही.

सुरंगी: छाया कदम यांचेच काम पाहायचे असेल तर ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ पाहावा. त्यात त्या मुंबईतल्या रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या आणि घर सुटल्यावर रत्नागिरीकडच्या गावी परतणाऱ्या बाईच्या भूमिकेत आहेत. 2024 मध्ये कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला.

कातळ: तो मुख्यत्वे मल्याळम आहे, आणि त्यातली काही दृश्ये आत्या व भाची यांच्यामध्ये बसून पाहण्याजोगी नाहीत. ‘लापता लेडीज’ सोडून इतरत्र जाण्याचे कारण मला कळत नाही.

सड्यावरचा: घरची मंडळी दशावतारी आहेत, तर दिलीप प्रभावळकर यांचा ‘दशावतार’च लावा. तो मराठी आहे हे मला ठाऊक आहे. वहिनींना शेजारी बसून कोणीतरी सांगत राहील.

खाडीकाठ: अभिनयावर वाद हवा असेल तर लक्ष्मण उतेकर यांच्या ‘छावा’ला (2025) पर्याय नाही. मी संगमेश्वरचा आहे आणि संभाजीमहाराजांना जिथे पकडले त्या कसब्यात लहानाचा मोठा झालो, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही. विकी कौशल यांनी देह पणाला लावला आहे. तरीही घरी परतताना मनात राहिले ते अक्षय खन्ना, कारण त्यांचा औरंगजेब जवळजवळ कुजबुजतो, टोपी विणतो आणि समोरच्याला बोलू देतो.

आगोट: विकी कौशल प्रत्येक वाक्य गर्जून म्हणतात, हा त्यांचा दोष की दिग्दर्शकाचा, हे ठरवावे लागेल. पार्श्वसंगीतानेही नटावर मात केली आहे. चित्रपट दोन तास एक्केचाळीस मिनिटांचा आहे, आणि शेवटचा छळाचा भाग मुलांना दाखवण्यासारखा मुळीच नाही.

दर्यावर्दी: ‘छावा’तले लेझीमचे दृश्य प्रदर्शनापूर्वी काढून टाकले, त्याबद्दल कोणी का बोलत नाही?

खाडीकाठ: त्याचा अभिनयाशी संबंध नाही. दशावतारातला राजा मंचावर येतो तेव्हा तो गर्जतोच. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे ही त्या कलेची गरज आहे. पडद्यावर कॅमेरा डोळ्यांपर्यंत येतो, म्हणून तीच गर्जना अनावश्यक ठरू शकते. हा फरक जुन्या प्रेक्षकांना आपल्यापेक्षा चांगला कळेल.

कातळ: मुद्दा मान्य आहे, पण वेळेची आणि वयाची अट ‘छावा’ने मोडते. पुन्हा सांगतो, ‘लापता लेडीज’.

पोफळी: सर्वांचे आभार. ‘लापता लेडीज’ हाच शहाणपणाचा सल्ला आहे, हे मला दिसते. मात्र खाडीकाठ यांचा मुद्दा मी आत्यांना वाचून दाखवला आणि गर्जना बरी की कुजबुज, यावर चित्रपट पाहण्यापूर्वीच घरात दोन तट पडले. त्यामुळे ‘छावा’ दोन रात्रींत पाहायचे ठरले आहे. दुसऱ्या रात्री शेवटचा भाग लागण्यापूर्वी भाचीला शेजारच्या आरतीला पाठवू. वहिनींनी अक्षय खन्ना यांची बाजू घेतली आहे.

आगोट: मग रिमोट आत्यांच्या हाती देऊ नका. अक्षय खन्ना बोलू लागले की आवाज वाढवावा लागतो आणि पुढच्याच दृश्यात ढोल वाजतात. आमच्याकडे पाळण्यातले मूल दोनदा उठले.