मदत हवी आहे: टीएनएफ देऊनही चरबीतली जनुकं ढिम्म

पेशीवेडा
सोमवारी गाईडला आलेख दाखवायचेत. चरबीला टीएनएफ-अल्फा (सूज चेतवणारं प्रथिन) दिला, १० नॅनोग्रॅम प्रति मिली, २४ तास. आयएल-६ (सुजेचा निरोप देणारं प्रथिन) वर जायला हवं, अ‍ॅडिपोनेक्टिन (चरबीतलं, इन्शुलिनला साथ देणारं संप्रेरक) खाली. दोन्ही जागचे हलत नाहीत. टीएनएफ नवा आणला, जनुकं मोजायच्या पीसीआरचे प्रायमर बदलले. काय राहिलं? लवकर सांगा.

रानजाई
पेशी कुठल्या? उंदराच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या ३टी३-एल१?

पेशीवेडा
माणसाच्या. पेशी नाहीत, ऊतीचे तुकडे. पित्ताशयाच्या ऑपरेशनमधून मिळतात.

घाटावरचा
अहो, हे आधी सांगायचं! कंट्रोलमध्ये, म्हणजे टीएनएफ न दिलेल्या तुकड्यात, आयएल-६चा सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीत दिसतं तो आकडा) किती?

पेशीवेडा
२१.

घाटावरचा
इतक्या लवकर दिसतं म्हणजे ते मुळातच भरपूर आहे. मग भांडं आधीच काठोकाठ भरलंय, वर काय ओतणार? कात्री लागली की ऊतीत आपोआप सूज सुरू होते आणि काही तासांत आयएल-६ चढतं. तुमचं कंट्रोल हे कंट्रोलच नाही.

रानजाई
म्हणून म्हणते, तुकडे सोडा, एसजीबीएस पेशी (लॅबमध्ये वाढवता येणाऱ्या माणसाच्या चरबीपेशी) घ्या. टीएनएफ एनएफ-कप्पा-बी हा सुजेचा खटका चालू करतो, चरबीची जनुकं चालवणारा पीपीएआर-गॅमा दाबला जातो, मागोमाग अ‍ॅडिपोनेक्टिन नि साखर पेशीत नेणारं ग्लुट-४ खाली. स्वच्छ दिसतं.

घाटावरचा
स्वच्छ कसलं, अर्धवट! त्यात मॅक्रोफेज, म्हणजे चरबीत शिरणाऱ्या प्रतिकारपेशी, कुठायत? लठ्ठ चरबीतला बहुतेक टीएनएफ त्याच बनवतात, हे २००३ पासून माहीत आहे.

रानजाई
त्यांना टीएनएफ बाहेरून द्यायचाय, घरचा मोजायचा नाहीये. प्रश्न वाचा.

निवृत्त_मास्तर
सूज म्हणजे हळद. सकाळी कोमट पाण्यातून घ्या. पुण्याच्या मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांचा २००४ सालचा तो फोटो आठवतो का? शेजारी लंडनचे युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१! आपण दिसतो बारीक, आत लोणी. हा टीएनएफ बंद केला तर साखर उतरेल का?

घाटावरचा
मास्तर, १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांत टीएनएफ अडवल्यावर इन्शुलिन नीट काम करू लागलं होतं. मधुमेही माणसांत तो डाव साधला नाही. हळदीचा धागा वेगळा काढा.

लॅबचा_बोका
माध्यमात डेक्सामेथासोन आहे का?

पेशीवेडा
आहे. सगळेच टाकतात.

लॅबचा_बोका
स्टेरॉइड आहे ते! एकीकडे सूज आणायची, दुसरीकडे तीच दाबायची? संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते न हलणारं जनुक, कुठलं?

पेशीवेडा
जीएपीडीएच.

लॅबचा_बोका
चरबीत ते इन्शुलिननेही हलतं. त्याऐवजी पीपीआयए हे जनुक लावून बघा.

पेशीवेडा
हे पुढच्या वेळचं झालं. सोमवारी काय दाखवू?

घाटावरचा
शून्य तासाचा तुकडा ठेवलाय का? थिएटरमधून आल्या आल्या गोठवलेला?

पेशीवेडा
आहेत दोन, उणे ८०मध्ये.

घाटावरचा
मग आजच त्यांचा आरएनए काढा आणि कंट्रोलशेजारी लावा. कंट्रोल किती चढलंय तेच दाखवा. ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायच्या द्रवात) वाटून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर तेलाचा थर येतो, तो काढून टाका. राहिला तर आरएनए नीट हाती लागत नाही.

पेशीवेडा
क्लोरोफॉर्मच्या आधी की नंतर?

घाटावरचा
आधी. आणि थंडच फिरवा, म्हणजे थर घट्ट बसतो.